वरीलप्रमाणे

आमच्या भोकरदन तालुक्यात खासदार कुणाच्या लग्नाला आला आणि कुणाच्या तेराव्याला आला नाही, याचा हिशेब घरोघरी असतो. तोच खासदार लोकसभेत किती वेळा ‘होय’ म्हणाला आणि किती वेळा ‘नाही’, हा हिशेब ठेवणारा माणूस मात्र तालुक्यात एकच. गुरुजी.

गुरुजींचं नाव सांगत नाही. सांगितलं तर ते माझ्या नावापुढेही शेरा मारतील. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांची हयात गेली आणि त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे त्यांनी शिकवलं कमी, मोजलं जास्त. पट मोजला, हजेरी मोजली, खिचडीचा तांदूळ मोजला, जनगणनेत माणसं मोजली, वरून आदेश आला तेव्हा गावातले संडासही मोजले. अशा माणसाला पुढे मोजायला काही उरलं नाही की तो घरातल्या पोळ्या मोजायला लागतो. गुरुजींच्या बाईंचं नशीब चांगलं, गुरुजींनी खासदार मोजायला घेतला.

याची सुरुवात झाली 17 एप्रिल 1999 रोजी. शनिवार होता, सकाळची शाळा सुटली होती. बसस्टँडसमोरच्या हॉटेलात टीव्ही लागला होता आणि दिल्लीत वाजपेयींच्या सरकारवर मतदान चाललं होतं. आकडे आले. बाजूने 269, विरोधात 270. एका मताने सरकार पडलं. हॉटेलात कुणी हळहळलं, कुणी टाळी वाजवली. गुरुजींनी बशी खाली ठेवली आणि विचारलं, “आपलं मत कुठं गेलं?”

जालन्याचे खासदार तेव्हा भाजपचे उत्तमसिंग पवार. त्यांचं मत जायचं तिथंच गेलं असणार. पण गुरुजींचं समाधान ‘असणार’वर होत नाही. पटावरचा पोरगा ‘असणार’ असं कुठल्या हजेरीत लिहितात? एका मताने देशाचं सरकार पडतं, तर जालन्याच्या त्या एका मतावर कुणीतरी नजर ठेवायला पाहिजे, असं त्यांनी त्या दिवशी ठरवलं. संध्याकाळी दोनशे पानी फुलस्केप वही आणली आणि फूटपट्टीने रकाने आखले. तारीख, विषय, होय, नाही, तटस्थ, गैरहजर, शेरा.

सहा महिन्यांत नवी निवडणूक झाली आणि वहीला माणूसही मिळाला. रावसाहेब दानवे. जवखेड्याचे सरपंच, मग 1990 आणि 1995 असे दोनदा भोकरदनचे आमदार आणि आता खासदार. म्हणजे अगदी घरचा विद्यार्थी. त्याआधी पुंडलिक हरी दानवे 1977 ला आणि 1989 ला जालन्यातून निवडून गेले होते, त्यामुळे वहीवर नुसतं ‘दानवे’ लिहून भागणार नव्हतं. गुरुजींनी पूर्ण नाव लिहिलं, खाली ‘तेरावी लोकसभा’ लिहिलं आणि वाट पाहत बसले.

बसलेच. वही कोरी.

कारण त्यांना कळलं की लोकसभेत बहुतेक वेळा कुणाचं मत लिहूनच घेत नाहीत. अध्यक्ष विचारतात, बाजूचे कोण? एक आरडा होतो. विरोधातले कोण? दुसरा आरडा होतो. कुठला आरडा मोठा ते ऐकून अध्यक्ष निकाल सांगतात आणि कायदा मंजूर. याला आवाजी मतदान म्हणतात. गुरुजी तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, “वर्गात आपण विचारतो, समजलं का रे? सगळी पोरं म्हणतात, होऽऽ. त्यातल्या नेमकं कुणाला समजलं, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. आन् हे लोक त्याच्यावर देश चालवू राह्यले!”

पण एखाद्या सदस्याने हरकत घेतली, मतविभाजन मागितलं, की नावानिशी नोंद होते. मग साडेतीन मिनिटं घंटा वाजते, लॉबी रिकामी करून दारं बंद होतात आणि बाकावरची बटणं दाबली जातात. बाजूने हिरवं, विरोधात लाल, तटस्थ पिवळं. घंटा हा शब्द ऐकला आणि गुरुजींच्या जिवात जीव आला. घंटा आहे, दार लावून घेतात, उशिरा आलेला बाहेर राहतो. म्हणजे शाळाच की. पुढे पुण्यात कॉम्प्युटरवर काम करणारा पुतण्या लोकसभेच्या कामकाजाची पानं छापून आणायला लागला. चर्चेच्या शेवटी मतविभाजनाची यादी असते, आपला माणूस डी अक्षरात सापडतो. गुरुजी त्या यादीवरून बोट फिरवत तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर दहावीचा निकाल पाहणाऱ्या बापासारखे भाव असत.

पहिली नोंद झाली. पक्षाने ‘होय’ म्हटलं होतं, आपल्या माणसानेही ‘होय’. दुसरी झाली, तीच गत. तिसऱ्या ओळीला गुरुजींनी हात आखडता घेतला आणि सरकारी कागदपत्रांत लिहितात तसं लिहिलं, ‘वरीलप्रमाणे’. चौथ्या ओळीला फक्त दोन टिंबं.

पुतण्याने समजावलं. पक्ष व्हिप काढतो. 1985 साली घटनेत 52 वी दुरुस्ती झाली, पक्षांतरबंदीचा कायदा आला, आणि त्यात पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं तर खासदारकी जाऊ शकते अशी सोय आहे. “काका, तुम्ही खासदाराची वही लिहीत नाही, व्हिपची झेरॉक्स काढताय.”

“मंग पाचशे त्रेचाळीस माणसं कशाला धाडली तिकडं?” गुरुजींनी विचारलं. “पक्षाचा एक एक माणूस धाडायचा, आन् ज्याचे जितके तितके खडे त्याच्या हातात द्यायचे. गाडीभाडं तरी वाचलं असतं.”

हा विचार मी मोठमोठ्या घटनातज्ज्ञांच्या लेखांत वाचला आहे, पण इतक्या कमी शब्दांत नाही.

तरी गुरुजींनी वही बंद केली नाही. मोजणारा माणूस फळाची आशा ठेवून मोजत नसतो. शिवाय 2004 साली वहीत जान आली, कारण केंद्रात सत्ता बदलली आणि आपला माणूस विरोधी बाकांवर गेला. आता ‘नाही’चा रकाना भरायला लागला. पाच वर्षं कोऱ्या राहिलेल्या रकान्यात लाल शाई पडताना पाहून गुरुजींना कोण आनंद! 22 जुलै 2008 ला मनमोहन सिंगांच्या सरकारने अणुकरारावरून विश्वासदर्शक ठराव मांडला, तेव्हा गुरुजींनी रजाच टाकली. पुन्हा एका मताचा खेळ होणार, अशी त्यांची खात्री होती. झालं काय, तर सभागृहात नोटांची बंडलं दाखवली गेली आणि सरकार 275 विरुद्ध 256 ने तरलं. कुणी कुणी आपला पक्ष सोडून भलतीकडेही मत दिलं. आपला माणूस पक्षाबरोबर राहिला. गुरुजींनी लिहिलं, ‘वरीलप्रमाणे’. नोटांच्या बंडलांसाठी वहीत रकाना नव्हता. तो आखावा का, यावर त्यांनी बराच विचार केला आणि समास अपुरा आहे म्हणून सोडून दिला.

खरा घोटाळा झाला डिसेंबर 2012 मध्ये. किरकोळ व्यापारात परदेशी गुंतवणूक येऊ देऊ नये, असा ठराव विरोधकांनी आणला. भाजपचा गुंतवणुकीला विरोध, म्हणून त्यांचं मत ‘होय’. सरकारला गुंतवणूक पाहिजे, म्हणून सरकारचं मत ‘नाही’. ठराव 218 विरुद्ध 253 ने पडला. गुरुजींनी सवयीने लाल शाईचा पेन काढला होता. तो खाली ठेवला, हिरवा घेतला, परत ठेवला. शेवटी शेऱ्यात लिहिलं, ‘विरोधासाठी होय.’ हे वाचून हॉटेलवाला म्हणाला, “गुरुजी, आमच्या सोयरिकीत बी असंच असतं. नाही म्हणायचं असलं की पोरीचा बाप म्हणतो, होय, बघू की.”

आणि 2015 च्या मे महिन्यात वस्तू व सेवा कराची घटनादुरुस्ती लोकसभेत 352 विरुद्ध 37 ने मंजूर झाली, तेव्हा तर गुरुजींनी कपाळाला हात लावला. हे विधेयक आधी काँग्रेस सरकारने आणलं होतं आणि भाजपच्या राज्यांनी त्यात खोड्या काढल्या होत्या. आता भाजपने ते आणलं आणि काँग्रेस सभात्याग करून बाहेर गेली. “पोरं तीच, बाकं तीच,” गुरुजी म्हणाले, “नुस्ती डावीकडची उजवीकडं बसवली तं उत्तरं बदलली. अन् मी वर्षानुवर्षं त्यांची बुद्धिमत्ता मोजू राह्यलो होतो.”

मंत्रिपद मिळालं तेव्हा गावात फटाके वाजले आणि गुरुजी चिंतेत पडले. दानवे 2014 मध्ये अन्न व नागरी पुरवठा खात्याचे राज्यमंत्री झाले, मग ते पद सोडून 2015 ते 2019 पक्षाचे प्रदेशाध्यक्ष, 2019 ला पुन्हा राज्यमंत्री आणि जुलै 2021 पासून रेल्वे, कोळसा आणि खाणी. गुरुजींनी तोवर मतांच्या जोडीला प्रश्नांचा रकाना काढला होता. तारांकित किती, अतारांकित किती. मंत्री झाल्यावर तो रकाना कोरडा पडला. मंत्री प्रश्न विचारत नाही, उत्तर देतो, हे त्यांना सांगितल्यावर ते म्हणाले, “म्हणजे वर्गातल्या चौकस पोराला मॉनिटर करायचं अन् मग त्याला हात वर करायची मनाई करायची.” यापेक्षा मोठा धक्का हजेरीचा. खासदारांना तेव्हा हजेरी पटावर सही करावी लागे, मंत्र्यांना लागत नसे. हा नियम वाचून गुरुजींच्या श्रद्धेला तडा गेला. मी त्यांना विचारलं, “गुरुजी, तुमच्या शाळेत हेडमास्तरची हजेरी कोण घ्यायचं?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहाचे पैसे देऊन निघून आलो.

आता हॉटेलातल्या इतर मंडळींविषयी. या मंडळींना गुरुजींची वही म्हणजे निव्वळ वेडाचार. त्यांच्या मते खासदार मोजायची पद्धत वेगळी आहे. हाक मारली तर थांबतो का? बापाचं नाव माहीत आहे का? भाषणात हसवतो का? या तिन्ही विषयांत आमच्या खासदारांना कायम विशेष प्रावीण्य. अस्सल गावरान बोलीतलं त्यांचं भाषण ऐकायला विरोधी पक्षाचे लोकही मागे उभे राहत. पण हेच तोंड त्यांना भोवलंही. मे 2017 मध्ये जालन्यात तूर खरेदीचा विषय निघाला आणि प्रदेशाध्यक्षांच्या तोंडून ‘साले’ हा शब्द गेला. राज्यभर गदारोळ, मग दिलगिरी. लोकसभेतलं त्यांचं एकही मत भोकरदनात कुणाला सांगता येणार नाही. तो शब्द मात्र शाळेतल्या पोरालाही माहीत. गुरुजींना मी सुचवलं की बोलण्याचीही एक वही ठेवा. ते म्हणाले, “ती ठेवायला सगळ्याइचे मोबाइल हायेत. माझी तेवढी ऐपत नाही.”

एकदा हॉटेलात खासदार निधीची चर्चा निघाली. कुणी म्हणालं, निधी कुठं जातो? गुरुजींनी लगेच खिशातून पेन काढला. वर्षाला पाच कोटी. मतदारसंघ म्हणजे जालना, बदनापूर, भोकरदन आणि शेजारच्या जिल्ह्यातले सिल्लोड, फुलंब्री, पैठण. मतदार वीस लाखांच्या घरात. भागाकार केला. माणशी वर्षाला पंचवीस रुपये. “एवढ्यात दोन कट चहा अन् उरलं तं भजं,” गुरुजी म्हणाले, “मागा आता आपापला हिस्सा.” त्या दिवसापासून निधीवर कुणी बोललं नाही. फक्त परतूरकडचे त्यांचे साडू तेवढे खूश होते. ते जालना जिल्ह्यात राहतात, पण परतूर आणि घनसावंगी हे मतदारसंघ लोकसभेला परभणीत मोडतात. साडूबुवा कुठल्याही वादात शेवटी एवढंच म्हणत, “आमचा खासदार परभणीचा. तुमचं तुम्ही बघा.”

पंचवीस वर्षांत पाच वह्या झाल्या. 2009 ला काँग्रेसच्या कल्याण काळेंनी घाम फोडला होता, दानवे जेमतेम आठ हजारांवर मतांनी वाचले. 2014 ला फरक दोन लाखांवर गेला, 2019 ला सव्वातीन लाखांच्याही पुढे. गुरुजी हे आकडे वहीच्या शेवटच्या पानावर लिहीत, वेगळ्या चौकटीत, कारण हे मतदान त्यांच्या मते ‘बाह्य परीक्षा’ होती. आतल्या परीक्षेत ‘वरीलप्रमाणे’ लिहून हात दुखला तरी बाह्य परीक्षेत मार्क वाढत होते. दोन्हींचा संबंध काय, हे त्यांना शोधायचं होतं.

संबंध सापडला नाही, गाठ मात्र पडली. 10 ऑगस्ट 2021 ला लोकसभेत 105 वी घटनादुरुस्ती आली. राज्यांना आपल्या मागास वर्गांची यादी करायचा अधिकार परत देणारी. मराठा आरक्षणाची अडकलेली गाडी तिच्यामुळे निदान रुळावर येईल, असं सगळेच म्हणत होते. मतदान झालं, बाजूने 385, विरोधात शून्य. गुरुजींच्या पाचही वह्यांत एवढं एकमत दुर्मीळ. त्यांनी पान दुमडून ठेवलं. मग 1 सप्टेंबर 2023 ला अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत याच आरक्षणासाठी चाललेल्या उपोषणाच्या ठिकाणी लाठीमार झाला आणि जालना जिल्ह्याचं नाव देशभर गेलं. गुरुजी दुमडलेलं पान उघडून त्या शून्याकडे पाहत बसले. “विरोधात कुणीच नाही,” ते म्हणाले, “मंग हे भांडण कुणाशी चालू हाये?” त्यावर हॉटेलात कुणी हसलं नाही. सोयाबीनचा भाव, कापसाचा भाव, आरक्षण, सगळं एका टेबलावर होतं आणि चहा गार झाला होता.

याच काळात 30 डिसेंबर 2023 ला जालन्याहून मुंबईला वंदे भारत सुरू झाली. रेल्वे खात्यात आपला माणूस होता म्हणून गाडी आली, हे वही न ठेवणाऱ्यांनाही मान्य. त्यापूर्वी सप्टेंबरात नव्या संसद भवनात महिला आरक्षणाचं विधेयक 454 विरुद्ध 2 ने मंजूर झालं, तेही बटणं सोडून चिठ्ठ्यांवर. “नवी इमारत, अन् मतदान ग्रामपंचायतीसारखं,” एवढाच गुरुजींचा शेरा.

मग आली जून 2024 ची 4 तारीख. बाह्य परीक्षा. जवखेड्यापासून दिल्लीपर्यंत पोचलेला, सलग पाच वेळा लोकसभेला पास झालेला विद्यार्थी सहाव्या वेळी एक लाखाहून जास्त मतांनी नापास झाला. समोर तेच कल्याण काळे, पंधरा वर्षांपूर्वी आठ हजारांनी हुकलेले. संध्याकाळी हॉटेलात सगळे कारणं सांगत होते. एक म्हणाला आरक्षण, दुसरा म्हणाला कांदा, तिसरा म्हणाला आपल्याच लोकांनी पाडलं. गुरुजींनी पाचही वह्या टेबलावर मांडल्या आणि पान न् पान चाळलं. इतक्या वेळा होय, इतक्या वेळा नाही, गैरहजर अमुक, प्रश्न तमुक. मग चष्मा काढून म्हणाले, “यातलं एक बी कारण इथं कुणी सांगितलं नाही.”

“गुरुजी,” हॉटेलवाला म्हणाला, “तुमची वही बरोबर असंल. पण लोकाइनं वाचली कुठं?”

दोन महिन्यांनी, 9 ऑगस्ट 2024 ला, केंद्रीय मंत्रिमंडळाने 174 किलोमीटरच्या जालना-जळगाव रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. निकालाच्या आधी दोन महिने दिली असती तर काय झालं असतं, यावर हॉटेलात आठवडाभर काथ्याकूट झाला. पुढे ऑगस्ट 2025 मध्ये जालन्याची वंदे भारतही नांदेडपर्यंत गेली. म्हणजे आता बसायला जागा मिळायची तर नांदेडच्या आधी उठायला पाहिजे, अशी जालनेकरांची तक्रार. गुरुजींच्या वहीत गाड्यांचा रकाना नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि सोडून दिलं.

मला वाटलं होतं, गुरुजी आता थांबतील. वय झालं आहे, डोळ्यांत मोतीबिंदू आहे. पण डिसेंबर 2024 मध्ये बसस्टँडवर भेटले तेव्हा पिशवीत नवी वही होती. ‘अठरावी लोकसभा. श्री. कल्याण काळे.’ पुतण्याचा फोन आला होता. एकाच वेळी निवडणुकांचं विधेयक मांडायचं की नाही, यावर 17 तारखेला मतविभाजन झालं होतं. बाजूने 269, विरोधात 198.

“269,” गुरुजी म्हणाले. “ओळखीचा आकडा हाये.” पंचवीस वर्षांपूर्वी याच आकड्यावर सरकार पडलं होतं, आता याच आकड्यावर विधेयक मांडलं गेलं. त्यांनी हा योगायोग शेऱ्यात लिहून ठेवला. काँग्रेस विरोधात होती, म्हणून नव्या खासदाराची पहिली नोंद ‘नाही’ अशी झाली, अगदी नव्या लाल शाईत. एप्रिल 2025 मध्ये वक्फचं विधेयक 288 विरुद्ध 232 ने मंजूर झालं. काँग्रेस पुन्हा विरोधात. गुरुजींनी दुसऱ्या ओळीत लिहिलं, ‘वरीलप्रमाणे’.

आधीच्या पाचही वह्या दोनशे पानी होत्या. ही शंभर पानी आहे.